वडापचं दुसरं गाणं

ज्याला त्याला एकच प्रश्न पडला होता आणि तो पडला रे पडला की थेट क्रांतीला गाठून विचारायचा, असं कराड-मलकापुरात ठरूनच गेलं होतं. "गाणं लय भारी झालंय गं तुमचं. पण हे किती दिवस टिकणार?"

दूधवाल्यानं विचारलं. ब्लाउज शिवणाऱ्या बाईनं तोंडातल्या टाचण्या न काढता विचारलं. दाताच्या डॉक्टरनं तर क्रांतीचं तोंड उघडं ठेवून, आत आरसा घालून विचारलं. आता उत्तर द्यायचं कशानं, सांगा! अरे, लग्नाच्या मांडवात नवरीला कुणी विचारतं का, बाई किती दिवस नांदणार म्हणून? पण लोकांना दम कुठला निघतोय.

गाणं होतं 'शेवटची सीट'. बँडचं नाव 'वडाप'. आपल्याकडं वडाप म्हणजे ती जीप, जिच्यात जागा नऊ माणसांची असते आणि बसतात सतरा. क्रांती, इंद्रजित आणि पप्पू हे तिघं इंजिनिअरिंगला असताना आप्पासोच्या वडापमधूनच कॉलेजला जायचे आणि तिथंच गाणी जुळवायचे. स्टिअरिंगवर बसलेला आप्पासो आरशातून बघून म्हणायचा, "गप बसा की रं, म्हातारी माणसं झोपल्यात." त्याच जीपमध्ये मोबाईलवर शूट केलेलं ते गाणं. मलकापूरची क्रांती लिहिणारी आणि गाणारी, सांगलीचा इंद्रजित गिटारला आणि कीबोर्डला, आणि माणदेशातून आलेला पप्पू ढोलाला.

"तू खिडकीला, मी दाराला, अन् मधी बसली तीन मानसं!"

एवढ्या एका ओळीनं सगळ्यांना येडं केलं. उसाच्या ट्रॅक्टरवर तेच, बारशात तेच, जिममध्ये तेच. पाचगणीला सहलीला आलेल्या पोरी टेबललँडवर त्याच्यावर नाचल्या आणि घोडेवालेही नाचले. सात महिन्यांत तीन कोटी वेळा बघितलं गेलं. क्रांती अजूनही रोज सकाळी उठून आकडा बघायची आणि एकटीच खुदकन हसायची. का नाही हसणार? मलकापुरातल्या दीड खोलीत बसून लिहिलेली ओळ तीन कोटी वेळा वाजली!

पण कौतुकाच्या पाठोपाठ पुण्याची एक कंपनी आली. त्यांचे साहेब फोनवर फार गोड बोलायचे. "आपण 'शेवटची सीट, भाग दोन' करू. मग भाग तीन. लोकांना जे आवडलंय तेच द्यायचं."

इंद्रजितला पटलं होतं. बँडचा सगळा व्यवहार तोच बघायचा आणि त्याचं म्हणणं वेडगळ नव्हतं. "क्रांते, लोक आपल्याला ओळखत नाहीत, त्या सीटला ओळखतात. सीट सोडली तर उभं राहावं लागेल."

"अरे, मग जन्मभर त्याच सीटवर बसून राहायचं? मधल्या तीन माणसांच्या जागी चार बसवायची, एवढाच फरक? मला दुसरं गाणं गायचंय, इंद्या. मला बँड व्हायचंय, रिंगटोन नाही!"

दुसरं गाणं तिच्याकडं तयार होतं. पप्पूचं घर मेंढपाळाचं. दिवाळी झाली की त्याची आई, भामाबाई, मेंढरं घेऊन माणातून कृष्णाकाठाला निघायची. पप्पू रोज फोन करून विचारायचा, "कुठवर आलीस?" भामाबाई गावाचं नाव कधीच सांगायची नाही. समोर टाकी, ओढा, जे दिसेल ते सांगायची. "आले, टाकीपशी आले." "आले रं, वड्यावर आले." तालमीला बसल्या बसल्या हे फोन ऐकून क्रांतीनं गाणं बांधलं.

"कुठवर आलीस गं, कुठवर आलीस?
आले रं आले, वड्यावर आले.
वड्याच्या पल्याड काय गं दिसतंय?
तुझ्याच वाटंची बाभळ दिसतीया."

शेवटी क्रांती आणि इंद्रजितनं हातावर हात मारून ठरवलं. उंबरपेठच्या भैरोबाच्या यात्रेत संध्याकाळचा कार्यक्रम होता. तिथं सगळ्या वयाची माणसं येणार. नवं गाणं तिथं लागलं, तर पुण्याला नकार कळवायचा. पडलं, तर सोमवारी जाऊन भाग दोनवर सही करायची. पप्पूनं मधे हात घालून दोघांचे हात सोडवले, कुस्तीचा पंच सोडवतो तसे. "ठरलं. आता मागं फिरायचं न्हाई."

आणि काय सांगू तुम्हाला, काय ती यात्रा! कराडपासनं पोरं गाड्या काढून आलेली. शाळेच्या मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती, माणसं ट्रॉल्यांवर चढलेली, पाण्याच्या टँकरवर चढलेली. 'शेवटची सीट' चार वेळा झालं. क्रांतीनं "तू खिडकीला" म्हटलं की पाच हजार माणसं "मी दाराला" म्हणत होती. तिच्या अंगावर काटा आला, डोळ्यांत पाणी आलं, घसा बसला तरी तिला थांबवेना.

तिसऱ्या आणि चौथ्या वेळेच्या मधे तिनं नवं गाणं धरलं. इंद्रजितनं कीबोर्डवर मोठ्ठा आवाज सोडला, स्पीकर धडाडले. अर्ध्या मिनिटात पुढची पोरं ओरडायला लागली, "सीट! सीट! सीट!" मग मागचीही. दुसऱ्या ओळीपर्यंतसुद्धा गाणं गेलं नाही. तिनं हसत हसत माईक वळवला आणि "तू खिडकीला" सुरू केलं. मैदान पुन्हा उसळलं. त्या उसळीत ती इतकी खूश होती आणि इतकी दुखावली होती, की दोन्ही एकदम कसं होतं हे तिचं तिलाच कळेना.

कार्यक्रम संपल्यावर इंद्रजित तिच्यापाशी आला. जिंकल्याचा तोरा त्याच्या तोंडावर नव्हता, हे त्याचं चांगलं. "सोमवारी सही करू," तो म्हणाला.

"करू," क्रांती म्हणाली. हात मारला होता ना.

आता राहिली होती फक्त हजेरी. यात्रेत ज्यानं ज्यानं आदल्या दिवशी कला दाखवली, त्यानं दुसऱ्या दिवशी सकाळी भैरोबाच्या पायऱ्यांपुढं यायचं आणि गावासमोर हजेरी लावायची. स्टेज नाही, माईक नाही, देवाच्या पुढ्यात जमिनीवर उभं राहून. तमाशाचा फड लावतो, ढोलवाले लावतात. ज्याची हजेरी गावाला आवडेल त्याच्या हातात यात्रा कमिटी नारळ देते. नारळ म्हणजे पुढच्या वर्षीचं बोलावणं. आणि तो द्यायचा की नाही, हे ठरवणार हंबीरराव. फौजेतून सुभेदार होऊन आलेला माणूस, गेली वीस वर्षं कमिटीचा अध्यक्ष. कालच्या गर्दीत तो खुर्चीवर ताठ बसून होता आणि एकदाही टाळी वाजवली नव्हती.

इंद्रजितनं विचार केला, हजेरी म्हणजे काय, दोन मिनिटं 'सीट' म्हणायचं, फोटो काढायचा आणि निघायचं. संध्याकाळी सांगलीत कार्यक्रम होता. म्हणून त्यानं सकाळी सहा वाजताच स्पीकर, कीबोर्ड, गिटार, सगळं टेम्पोत भरून पुढं लावून दिलं. राहिला फक्त पप्पूचा ढोल. तो बापाचा ढोल पप्पू टेम्पोत देतच नाही, स्वतःच्या खांद्यावरच नेतो.

आठ वाजता तिघं पायऱ्यांपुढं उभे राहिले. समोर सारा गाव. कालची मोबाईलवाली पोरं अजून झोपेतून उठली नव्हती. समोर होत्या नैवेद्याची ताटं घेतलेल्या बायका, फेटेवाले, कडेवरची पोरं. क्रांतीनं हात जोडले आणि सुरू केलं, "तू खिडकीला..."

"थांबा!" हंबीररावानं हात वर केला. "ते कालचं."

"व्हय आबा, तेच तर सगळ्यांना आवडलंय," इंद्रजित म्हणाला.

"कालचं आज चालत न्हाई. देवाला शिळं दावत न्हाई आमी. तमाशावाल्यांनी बघा नवी गवळण म्हटली, ढोलवाल्यांनी नवा ठेका धरला. तुमीबी नवं म्हणा."

इंद्रजितचा चेहरा उतरला. "क्रांते, आपल्याकडं दुसरं काहीच नाही. वाद्यंसुद्धा नाहीत." मग त्याच्या लक्षात आलं आणि तो आणखीच हळू बोलला. "आणि ते नवंसुद्धा काल थोडं झालंच की."

पप्पूनं तेवढं ऐकलं आणि पुढं झाला. "आवं आबा, एक गाणं काल अर्ध्या मिनटात पाडलं तुमच्या गावानं. जे पुरं झालंच न्हाई, ते कालचं कसं?"

हंबीररावानं मिशीवर बोट फिरवलं. फौजेत इतकी वर्षं काढल्यामुळं नियमात कुठं काय बसतं, हे त्याला बरोबर कळायचं. "पुरं झालं न्हाई म्हंजे झालंच न्हाई. म्हणा."

पप्पूनं ढोलावर हळू थाप टाकली. देवळातला एक टाळ इंद्रजितच्या हातात कुणीतरी दिला, तो त्यानं कसाबसा धरला. काल पडलेलं गाणं आज पुन्हा पडणार, तेही देवासमोर, उजेडात, एकेकाचं तोंड दिसत असताना. क्रांतीनं डोळे मिटले.

"कुठवर आलीस गं, कुठवर आलीस?"

आणि पप्पूनं ढोल थांबवला. त्याच्या घरच्या माणसांची रीतच तशी. एकानं ओवी म्हणायची, मग थांबायचं, बाकीच्यांनी मागून झील धरायची. काल याच जागेवर इंद्रजितनं कीबोर्डचा आवाज भरला होता. आज भरायला काहीच नव्हतं. नुसती शांतता. घंटेवर बसलेलं कबूतर उडालं तेही ऐकू आलं. गेलं, क्रांतीला वाटलं, गेलं हेही.

तेवढ्यात पुढं उभी असलेली हंबीररावाची बायको बनुबाई, हातात नैवेद्याचं ताट घेऊन ही मंडळी कधी एकदा बाजूला होतात याची वाट बघणारी, सहज बोलून गेली. कुणी विचारलं तर उत्तर द्यायचं नाही का माणसानं? "आले बाई, पायरीवर आले!"

सगळा गाव फस्सकन हसला. पप्पूची थाप तिच्या शब्दावर कडकन पडली. क्रांतीनं डोळे उघडले आणि तेच शब्द चालीत घेतले. "आले रं आले, पायरीवर आले!" आणि लगेच दुसरीकडं वळून, "कुठवर आलीस गं, कुठवर आलीस?"

"घागर घिऊन पारापशी आले!" दुसरी बाई म्हणाली.

"कुठवर आलास रं, कुठवर आलास?"

"पंक्चर काढून नाक्यावर आलो!" मागून एक ट्रकवाला ओरडला. हशा पिकला. तमाशातल्या ढोलकीवाल्याला राहवेना, तो ढोलकी घेऊन पप्पूशेजारी येऊन बसला. इंद्रजितचा टाळ आपोआप तालात आला. फेटेवाले म्हातारे काठ्या आपटत झील धरायला लागले. कुणाला गाणं शिकवावं लागलं नाही. प्रश्न होता आणि उत्तर प्रत्येकाच्या खिशात होतं. क्रांती गात होती, हसत होती, तिला वाटत होतं आपण आता उडणार बहुतेक!

मग बनुबाईनं ताट खाली ठेवलं आणि क्रांतीचा दंड धरला. "पोरी, माझ्या वीरधवलाला इचार की. लडाखला हाय. यात्रेला सुट्टी न्हाई गावली म्हणतोय."

क्रांतीनं आवाज वर चढवला. "कुठवर आलास रं वीरधवला, कुठवर आलास?"

पप्पूनं ढोल थांबवला. बनुबाई वेशीकडं बघत राहिली. आणि मग तिच्या वतीनं अख्ख्या उंबरपेठनं एका दमात उत्तर दिलं.

"आला गं आला, वेशीत आला!"

ज्या घरचा पोरगा फौजेत, ती घरं तिथं एक-दोन नव्हती. मग एकेक नाव येत गेलं. राजेश्वरीचा जयराज आला. साळूबाईचा नातू आला. प्रत्येकाला गावानं वेशीत आणून सोडलं. हंबीरराव पाठमोरा झाला आणि देवासमोरच्या समईची वात उगाचच सारखी करत राहिला. वात चांगली होती.

गाणं थांबलं तेव्हा ऊन पायऱ्यांवर आलं होतं. हंबीररावानं नारळ उचलला, क्रांतीच्या ओंजळीत ठेवला आणि वर हळदीकुंकू टाकलं. "पुढच्या साली या. पण हे गाणं न्हाई चालायचं तवा. नवं आणा."

क्रांतीला हसू आवरेना आणि रडूही. "आबा, एक विचारू? सगळी म्हणतात, तुमी किती दिवस टिकणार. तुमाला काय वाटतं?"

"ते मला काय इचारतीस? वर्साला एक नवं घिऊन ये. आमी हितंच हाय."

आप्पासोनं जीप देवळाच्या दाराशी आणली होती. बसायच्या आधीच इंद्रजितचा फोन वाजला. पुण्याचे साहेब. क्रांतीनं त्याच्याकडं बघितलं. हजेरीत काय झालं ते त्यानंही पाहिलं होतं. त्यानं हातातला टाळ पायरीवर नीट ठेवला आणि फोन कानाला लावला.

"नाही सर, सोमवारी येत नाही. भाग दोन करायचा नाही आम्हाला." पलीकडून बराच वेळ गोड आवाज येत राहिला. इंद्रजितनं तो शेवटपर्यंत ऐकून घेतला. मग क्रांतीच्या हातातल्या नारळाकडं बघत म्हणाला, "कारण काही नाही सर. आमच्याकडं कालचं आज चालत नाही."