मॅक्सीनची फळी

मी फळी बोलते आहे. लाटेवर उभं राहून किनाऱ्यापर्यंत यायचं वेड ज्यांना लागलं, त्यांच्या पायाखालची फळी. पालोमा खाडीच्या क्लबात शिरलात की समोरच्या भिंतीवर, काचेच्या पेटीत, वर दिवे लावून मला ठेवलेलं आहे. खाली पितळी पाटी आहे: 'वेंडलची फळी, १९५६'. त्यातलं साल बरोबर आहे. फळी हेही बरोबर आहे. उरलेला शब्द धादांत खोटा आहे, आणि ज्यांनी ती पाटी ठोकली त्यांना तो खोटा असल्याचं पक्कं ठाऊक आहे.

शांत हो, असं मला कुणी सांगू नका. रागावणं एवढं एकच काम आता माझ्या हातात उरलं आहे.

माझा जन्म इथूनच चार गल्ल्या वर, एका घराच्या गॅरेजमध्ये झाला. डेल्बर्ट, म्हणजे डेल, नावाच्या सुताराने मला घडवलं, ते त्याच्या धाकट्या बहिणीसाठी, मॅक्सीनसाठी. ती तेव्हा एकोणीस वर्षांची होती. त्या काळी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या फळ्या म्हणजे निव्वळ दारं. ओली झाली की दोघांनी उचलायची. मॅक्सीन भावाची फळी वाळूतून फरफटत न्यायची आणि पाण्यापर्यंत पोचेतो निम्मी दमायची. एके दिवशी डेलने सुतळी घेतली, तिला भिंतीला टेकून उभं केलं आणि काखेपासून बोटांच्या टोकापर्यंत तिचा हात मापला. त्या मापाने माझी रुंदी ठरली. तिच्या एका हाताच्या कवेत मावेन एवढीच मी.

बाल्साच्या हलक्या लाकडाला रंधा मारून डेलने मला आकार दिला. वर काचेच्या धाग्यांचं कापड पसरून राळ चढवली. कापडाचं दुसरं टोक ताणून धरायला त्याचा मित्र रॉस्को होता. राळेच्या वासाने आतून आई ओरडायची, "डेल, जेवणाच्या चवीचं वाटोळं केलंस मेल्या!" मुरंब्याच्या बरण्या बंद करायला आईने जे मेण ठेवलं होतं, ते मॅक्सीनने चोरून आणलं आणि पाय घसरू नये म्हणून माझ्या पाठीवर घासलं. त्या मेणाचा स्पर्श मला अजून आठवतो. माझं बारसं म्हणा हवं तर.

पहिल्या दिवशी किनाऱ्यावरचं मित्रांचं टोळकं खूप हसलं. वेंडल, क्लाइड, रॉस्को, सगळे वाळूत लोळून हसले. "ही बघा पोरींची फळी!" क्लाइड म्हणाला. "यावर कपड्यांना इस्त्री छान होईल." मॅक्सीनने मला काखेत मारलं, पाण्यात शिरली, लाट पकडली आणि लाटेच्या भिंतीवर मला अशी वळवली की मी एकदा वर गेले, एकदा खाली आले, पुन्हा वर गेले. त्यांच्या दारांना सरळ रेषेत येण्यापलीकडे काही जमत नव्हतं. किनाऱ्यावरचं हसू बंद झालं. ती बाहेर आली तेव्हा वेंडल गुडघाभर पाण्यात येऊन उभा होता.

"मॅक्स, एक लाट दे ना गं. एकच."

तिने दिली. तीच तिची चूक झाली, असं मी रागाच्या भरात म्हणते खरी, पण ते खोटं आहे. आमच्याकडे फळी मागितली की द्यायचीच, अशी रीत होती. आणि ते दिवस चांगले होते, हे मी नाकारणार नाही. एकाच लाटेवर पाच-पाच जण शेजारी शेजारी उभे राहायचे, एकमेकांचे हात धरून, आरडाओरडा करत. फळीवर गुडघे टेकून हातांनी पाणी मारता मारता सगळ्यांच्या गुडघ्यांखाली सुपारीएवढ्या गाठी आल्या होत्या. शेकोटीभोवती बसून ते कुणाची गाठ मोठी यावरून पैजा लावायचे. मॅक्सीनची सगळ्यांत मोठी होती. एकदा ओढीच्या पाण्यात क्लाइड सापडला, तर मला घेऊन तीच धावली आणि माझ्यावर आडवा टाकून त्याला परत घेऊन आली. क्लाइड आज नव्वद किलोचा आजोबा झाला आहे, तो त्या दिवसामुळे.

अठ्ठावन्नच्या उन्हाळ्यात वेंडल मला शेजारच्या किनाऱ्यावर घेऊन गेला. तिथे एका मासिकाचा फोटोवाला होता. त्याने विचारलं, "फळी कुणाची?" वेंडलने क्षणभरही विचार केला नाही. "माझी." फोटो छापून आला आणि वेंडल त्या किनारपट्टीवर प्रसिद्ध झाला.

शेकोटीजवळ मॅक्सीनने विचारलं, "माझी फळी कधी आणतोस रे?"

"उद्या," वेंडल म्हणाला. सगळे हसले. मॅक्सीनही हसली. मित्रांत वस्तूवरून भांडायचं नसतं, असं तिला वाटत होतं. तिच्या त्या हसण्याचाही मला राग आहे.

पुढे वेंडलचं लग्न झालं, धंदा झाला, पोट सुटलं. मी त्याच्या गॅरेजच्या आढ्यावर पडून राहिले. माझ्यावर रंगाचे डबे आले, जुन्या सायकलीचं चाक आलं, उंदरांचं एक कुटुंब आलं. त्याच्या मुलीच्या लग्नात मला खाली काढून दोन लाकडी घोड्यांवर आडवी ठेवली आणि माझ्यावर जेवण मांडलं. कुणीतरी भट्टीतून काढलेलं तापलेलं भांडं तसंच ठेवलं, त्याचा काळा गोल डाग माझ्या पाठीवर उठला. लग्न झाल्यावर मला पुसायचंही कुणाला सुचलं नाही.

मग चौऱ्याण्णव साली डेल गेला. आमच्या लोकांत माणूस गेला की सगळे आपापल्या फळ्यांवर बसून खोल पाण्यात जातात, गोल करतात, फुलं सोडतात, पाण्यावर हात आपटून आरोळी देतात. आदल्या दिवशी मॅक्सीनने वेंडलला फोन केला. "उद्या डेलने केलेली फळी घेऊन ये. मला तिच्यावर बसून त्याला निरोप द्यायचा आहे." वेंडल हो म्हणाला. आणि आला तो हात हलवत. "अगं, गडबडीत विसरलोच बघ." भावाच्या निरोपाला मॅक्सीन भाड्याच्या फळीवर बसून गेली. मी गॅरेजमध्ये रंगाच्या डब्यांखाली होते. मला तळपाय नाहीत, पण त्यांची आग मस्तकात गेल्यावर काय होतं ते मला त्या दिवशी कळलं.

आणि गंमत बघा. ज्या फोनमुळे मी त्याच्याकडे असल्याची वेंडलला आठवण झाली, त्याच फोनमुळे पुढचं सगळं घडलं. जुन्या फळ्यांना आता मान आला होता. फुलाफुलांचे सदरे घालून म्हातारे जुन्या लाकडी अंगाच्या गाड्या पुसत बसायचे, उकुलेले नावाची चिमुकली गिटार वाजवायचे, आणि आमच्या वेळी असं होतं नि तसं होतं म्हणून गळे काढायचे. वेंडलने मला जुन्या फळ्या नव्या करणाऱ्या एका माणसाकडे नेलं. त्याने मेणाचा थर न् थर खरवडून काढला. त्या मेणात वाळू होती, मॅक्सीनच्या टाचांचे खळगे होते, डेलच्या कुत्र्याचा एक केसही होता. सगळं केराच्या टोपलीत गेलं. मला आरशासारखी चकचकीत केली. आता माझ्यावर माशीचा पायसुद्धा ठरणार नाही. मग क्लबाच्या भिंतीवर टांगायला म्हणून माझ्या अंगातून आरपार दोन भोकं पाडली आणि बोल्ट घातले.

याला हे लोक जतन म्हणतात.

त्यानंतर दर सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी माझ्याखाली त्यांचा मेळावा भरू लागला. वेंडल माझ्याकडे बोट दाखवून सांगायचा, "ही मी डेलकडून करून घेतली." पहिल्या वर्षी सांगताना त्याची नजर इकडेतिकडे फिरली. पाचव्या वर्षी फिरली नाही. दहाव्या वर्षी तर डेलने आपला हात कसा मापला, तेही तो सांगू लागला. बाकीचे सगळे मूग गिळून बसायचे. मॅक्सीनही यायची, बटाट्याचं सॅलड घेऊन. चाळीस वर्षं तिने गावातल्या पोरांना पोहायला शिकवलं होतं. ती माझ्याकडे एकदा बघायची आणि ताटं मांडायला लागायची.

दोन हजार नऊच्या मेळाव्याला मात्र ती आली ती सॅलडचं पातेलं हातात तसंच धरून वेंडलसमोर उभी राहिली. त्याच दिवशी माझी काचेची पेटी बसवायची होती. कामगार स्क्रू काढून तयार होते.

"वेंडल, ऑक्टोबरमध्ये माझ्या खुब्याचं ऑपरेशन आहे," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणतात, त्यानंतर फळी विसरा. पेटी बंद करायच्या आधी मला माझ्या फळीवरून एक लाट घ्यायची आहे."

वेंडलने हसून तिच्या खांद्यावर हात ठेवला. "अगं मॅक्स, ती आता कुणा एकाची का राहिली आहे? आपल्या सगळ्यांची आठवण आहे ती."

"सगळ्यांची आहे तर पाटीवर तुझं एकट्याचं नाव कसं?"

"या वयात कशाला भांडता रे?" क्लाइड मधे पडला. "मॅक्स, बस. बिअर घे."

"भांडत नाहीये. मागतेय."

"तिला भोकं आहेत, बाई," वेंडल म्हणाला. "पाण्यात घातली तर आतलं लाकूड पाणी पिईल आणि कुजेल. तुला चालेल का ते?"

"भोकं कुणी पाडली?"

मग ती रॉस्कोकडे वळली. "रॉस्को, तू होतास त्या गॅरेजमध्ये. कापडाचं टोक तू धरलं होतंस. डेलने ती कुणासाठी केली, सांग यांना."

पाच मिनिटांपूर्वीच रॉस्कोने सत्तावन्नच्या वादळात कोणत्या दिवशी, किती वाजता, किती फुटांची लाट आली होती, ते तारीखवार सांगितलं होतं. आता त्याने हातातल्या बिअरच्या डब्याकडे पाहिलं.

"फार वर्षं झाली, मॅक्स," तो म्हणाला. "हल्ली मला नीट आठवत नाही."

मॅक्सीनने पातेलं टेबलावर ठेवलं, त्यात चमचा खोचला. "उन्हात ठेवू नका, अंडी आहेत त्यात," म्हणाली आणि बाहेर पडली.

कामगारांनी पेटी चढवली. सगळे म्हातारे माझ्याकडे तोंड करून, हातात डबे धरून, अर्धवर्तुळात उभे राहिले. त्यांच्या पाठी खिडकीकडे होत्या. खिडकीतून समुद्र दिसतो, आणि भिंतीवर टांगल्यामुळे तो मला एकटीलाच समोर दिसत होता. वेंडलचं भाषण सुरू झालं. जुनी मैत्री, एक लाट, एक कुटुंब, असं बरंच काही होतं त्यात.

तेवढ्यात मॅक्सीन मला पाण्यात दिसली. शेजारच्या शिकवणी वर्गाची निळी, स्पंजाची फळी तिने भाड्याने घेतली होती, लहान पोरं शिकतात ती. ती लांबवर जाऊन थांबली. दोन लाटा सोडल्या. तिसऱ्या लाटेला तिने हात मारले. खुब्यामुळे तिला झटकन उभं राहता येईना. आधी एक गुडघा टेकला, मग एक पाय, मग दुसरा. बहात्तर वर्षांची बाई त्या केविलवाण्या निळ्या तुकड्यावर उभी राहिली आणि लाटेच्या भिंतीवरून वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. तिच्यासारखं वळण त्या खाडीत कुणालाही घेता आलेलं नाही. लाकडाला ओरडता आलं असतं तर मी ती काच तडकवली असती. मागे वळा रे म्हाताऱ्यांनो! ज्याच्या नावाने इथे उसासे टाकता आहात ते बाहेर चाललं आहे, आत्ता, तुमच्या पाठीमागे!

एकच माणूस वळला. रॉस्को. त्याने तिला पाहिलं, लाट फुटून ती वाळूला लागेपर्यंत पाहिलं. मला वाटलं, आता बोलेल. वेंडलने डबा उंचावला, "या फळीच्या नावाने!" आणि रॉस्को खिडकीपासून फिरला, त्याने आपला डबा उंचावला, प्यायला.

ऑपरेशन नीट झालं म्हणे. मॅक्सीन मेळाव्याला पुन्हा आली नाही. पुढच्या वर्षी क्लाइडने विचारलं, "मॅक्स नाही आली? मग सॅलडचं काय?" त्यापलीकडे तिची चौकशी झाली नाही. सॅलड दुकानातून आणलं.

माझ्या आतलं लाकूड आता कोरडं ठाक पडलं आहे. दिव्यांच्या उष्णतेने राळेला बारीक भेगा जात आहेत. लोक येतात, मान वर करून बघतात, काय तो काळ होता म्हणतात आणि माझा फोटो काढतात.

तुम्ही आलात तर फोटो काढू नका. दाराजवळच्या खुर्चीत एक वाळलेला म्हातारा बसलेला असतो, तो रॉस्को. त्याच्याजवळ जा आणि एवढंच विचारा, फळी कुणाची? मोठ्याने विचारा. या भिंतीकडे तोंड करून बसला की तो कानातलं यंत्र काढून खिशात ठेवतो.