‘आधी ऐका’ म्हणणारी आठ पानं

‘फार मिरवू नकोस गं. लोक तुला वाचतील, चुकचुकतील आणि संध्याकाळी तुझ्यात गरम पाव गुंडाळून घरी नेतील.’

लंडनमधल्या एका पुस्तकांच्या टपरीवर माझ्या शेजारी एक जाडजूड कायद्याचा ग्रंथ बसला होता. त्याने मला हे बजावलं, तेव्हा माझी शाईही धड वाळली नव्हती. मला वाटलं, जळतोय म्हातारा. चामड्याचा कोट घालून बसलाय, पण याला हात कोण लावतंय? माझ्याकडे पुठ्ठ्याची पाठ नव्हती, तरी मी ती फिरवली.

मित्रांनो, मी आठ पानांची एक जुनी पुस्तिका आहे. माझं वय साडेतीनशे वर्षांच्या वर आहे. माझे कोपरे झिजलेत आणि तिसऱ्या पानावर चहाच्या कपाचा एक गोल डाग आहे. सध्या मी न्यू जर्सीतल्या पार्सिपनी गावात, जगन्नाथ काकांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर असते.

माझा कागद झाडापासून बनलेला नाही. त्या काळी इंग्लंडात जुन्या कपड्यांच्या चिंध्या भिजवून, कुटून कागद करत. म्हणजे कागद होण्याआधी मी कुणाच्या तरी अंगावरचा सदरा होते. म्हणूनच की काय, माणसाच्या अंगाची ऊब मला अजून लगेच ओळखू येते.

माझ्यावरचे शब्द एका शिंप्याने लिहिले, आणि तेही तुरुंगात बसून. त्याने चोरी केली नव्हती. त्याने पैसे बुडवले, असं एका सावकाराने सांगितलं होतं, एवढंच. त्या काळी तेवढं पुरायचं. माणसाला आधी कोंडायचं, खरं-खोटं मागाहून केव्हातरी बघायचं. आत गेला की त्याची सुई-कात्री बाहेर राहिली. मग तो पैसे कुठून फेडणार? शिवाय तुरुंगातल्या खोलीचं भाडंही त्याच्याकडूनच घेत. कोर्टाचे कागद लॅटिनमध्ये असत. स्वतःवर काय आरोप आहे, हे त्याला दुसऱ्याकडून समजून घ्यावं लागे.

तो चिडून नुसत्या शिव्या लिहू शकला असता. त्याने उपाय लिहिले. कर्जापायी कोणाला कोंडू नका. प्रत्येक परगण्यात एक कोर्ट असू द्या, म्हणजे गरिबाला लंडनपर्यंत पायपीट करायला नको. कायदा आम्हाला आमच्या भाषेत सांगा. आणि सगळ्यात वर, मोठ्या अक्षरांत, त्याने लिहिलं की माणसाला समोर बोलवा, आधी त्याचं ऐका आणि मग काय ते ठरवा. त्याच्या बायकोने ते कागद पदराआड लपवावेत तसे एप्रनखाली लपवून छापखान्यात नेले.

माझे सुरुवातीचे दिवस फार कौतुकाचे होते. खानावळीत कोणीतरी मला मोठ्याने वाचायचं आणि बाकीचे टेबलावर मुठी आपटायचे. माझ्यासारख्या कितीतरी पुस्तिका तेव्हा निघत होत्या. देशात राजा नव्हता त्या काही वर्षांत कायदा खरोखरच इंग्रजीत आला. मग राजा परत आला, आणि कागदांवर पुन्हा लॅटिन बसली. माझ्या बहिणी पावाबरोबर गेल्या. मी वाचले, कारण कोणीतरी मला प्रवचनांच्या गठ्ठ्यात चुकून शिवून टाकलं.

त्या गठ्ठ्यातच मी समुद्र ओलांडला. माळे पाहिले, खोकी पाहिली. शेवटी इथल्या एका गराज सेलमध्ये, म्हणजे घरातल्या जुन्या वस्तूंच्या विक्रीत, वीणाकाकूंनी ते खोकं उचललं. त्या इथल्या कम्युनिटी कॉलेजात इतिहास शिकवायच्या. त्यांचे यजमान, जगन्नाथ काका, निवृत्त इंजिनियर. मुलगा अमेय दूर सिएटलला. घरी आल्यावर काकूंनी चहा घेत मला वाचायला घेतलं. तो डाग तेव्हाचाच.

“अहो, ऐका तर! माणसाला कोंडायचं, आणि वर त्याच्याचकडून खोलीभाडं घ्यायचं. काय डोकं आहे!”

“आपली हाउसिंग असोसिएशन काय वेगळं करते?” काका म्हणाले.

काकू इतक्या हसल्या की चहा सांडला. त्या माझ्यावर कधी रागावून बोलल्या नाहीत, आणि मला कधी कपाटात कोंडलंही नाही. दरवर्षी त्या मला वर्गात न्यायच्या, मुलांना हात धुवायला लावून माझी पानं उलटू द्यायच्या.

मग काकू आजारी पडल्या. हॉस्पिटल, घर, पुन्हा हॉस्पिटल. एका हिवाळ्यात त्या घरी आल्याच नाहीत.

त्यानंतर माझ्यावर टपाल साचू लागलं. जाहिराती, कॅटलॉग, पांढरी पाकिटं. काका ती आणायचे आणि न उघडता टेबलावर टाकायचे. मी सगळ्यांत खाली होते. मला वाटलं, आता हेच माझं शेवटचं घर. पण मला माझी काळजी नव्हती. काका आता एकच कप चहा करत आणि तोही उभ्याउभ्या पीत.

समोरच्या घरात निधी राहायची. पुण्याची, आयटीतली, लहान मुलीची आई. तिला सगळ्याची धास्ती. मुलीला शिंक आली तरी ती थर्मामीटर शोधायची. पण अशा माणसाचं लक्षही फार असतं. काकांच्या लेटरबॉक्सची झडप मिटत नाही, हे गल्लीत फक्त तिनेच पाहिलं. एका दुपारी ती मुलीला, रुहीला, घेऊन आली. हातात साबुदाण्याची खिचडी.

“काका, आज चतुर्थी. जास्तच झाली म्हटलं.”

“जास्त झाली की मुद्दाम केलीस?”

“मुद्दाम केली. आता खा.”

दोघं बोलत होती तेवढ्यात रुहीने गठ्ठा उपसून मला बाहेर काढलं. तिच्या हातात जांभळा क्रेयॉन होता. मित्रांनो, साडेतीनशे वर्षांत मी उंदीर पाहिले, आग पाहिली, पण इतकी घाबरले नव्हते.

“रुही! खाली ठेव ते!” निधी ओरडली.

“इट्स ऑलरेडी डर्टी, ममा.”

काका हसले. कितीतरी महिन्यांत मी ते हसू ऐकलं नव्हतं. “डर्टी नाही गं, ती आजी आहे. तुझ्या आजीच्या आजीच्या आजीपेक्षाही मोठी.” त्यांनी रुहीला शेजारी बसवलं आणि काकूंसारखंच बोट फिरवत मला वाचून दाखवलं. शिंपी, सावकार, कुलूप. रुही तोंड उघडं ठेवून ऐकत होती.

“बट डिड ही टेल देम? दॅट ही डिडन्ट डू इट?”

“सांगू कसं शकेल? कोणी विचारलंच नाही ना त्याला.”

“अँड इफ दे आस्क?”

काकांचं बोट माझ्यावर थांबलं.

निधी तोवर टेबल आवरत होती. तिच्या हातात पोस्टाची एक चिठ्ठी आली. सही घेऊन द्यायचं टपाल आलं होतं, तुम्ही घरी नव्हता, पोस्टात येऊन घेऊन जा, असं त्यावर लिहिलं होतं. खाली तशीच आणखी एक चिठ्ठी. आणि शेजारी कोर्टाचा शिक्का असलेलं, साध्या टपालाने आलेलं एक पाकीट, बंद.

“काका, हे काय? तुम्ही तर दिवसभर घरीच असता.”

“असतो. दार उघडलं नाही.”

“का?”

“सही केली तर नोटीस लागू होते. घेतलीच नाही तर केस कसली? आमच्या अमरावतीला सगळे असंच करायचे. पोस्टमन ‘घर बंद’ असा शेरा मारून जायचा, की झालं.”

निधीचा चेहरा उतरला. तिने विचारून ते पाकीट उघडलं आणि उभ्यानेच वाचलं. मग फोनवर काहीतरी शोधलं. “काका, इथे तसं चालत नाही. कोर्ट तीच नोटीस साध्या टपालानेही पाठवतं. ते पाकीट परत गेलं नाही ना, मग तुम्हाला मिळालंच असं धरतात. मुदतीत उत्तर दिलं नाही तर तुमचं न ऐकताच निकाल लागेल. मग बँकेतले पैसेसुद्धा अडकवतील.”

“हॉस्पिटलचं बिल मी भरलंय! वीणा असतानाच भरलं. आता ही कुठली तरी वसुलीवाली कंपनी फोन करून पुन्हा तेच पैसे मागते आहे.”

“मग तेच लिहा ना! एवढंच तर सांगायचंय.”

“एवढंच?” काकांचा आवाज चढला. “चार परक्या माणसांसमोर उभं राहून वीणाच्या आजारपणाचा हिशोब देऊ? कधी ॲडमिट केलं, कधी गेली? आयुष्यात कोर्टाचं तोंड पाहिलं नाही मी. इथल्या मराठी मंडळात कळलं तर लोक म्हणतील, बायकोच्या उपचाराचे पैसे बुडवले. आणि अमेयला यातलं काही सांगायचं नाही. सिएटलला बसून उगाच काळजी करेल.”

रुही आईला चिकटली. निधीने तिला जवळ ओढलं.

“काका, मलाही कोर्टाची भीती वाटते,” ती म्हणाली. “आमचं ग्रीन कार्ड अडकलंय. पार्किंगचं तिकीट आलं तरी मला झोप लागत नाही. पण तुम्ही काही बोलला नाहीत, तर तिथे काकूंबद्दल फक्त ती कंपनीच बोलेल. ते चालेल तुम्हाला?”

काका उठून खिडकीपाशी गेले. मग परत आले, खुर्ची ओढली, चष्मा पुसला.

“लॅपटॉप आण तुझा,” ते म्हणाले. “आणि गं, मराठीत सांगितलं तर नीट टाइप करशील ना इंग्रजीत? वीणाचं नाव आलं की माझं इंग्रजी अडखळतं.”

निधी टाइप करत होती आणि मधूनच नाक पुसत होती. रुही शेजारी बसून वेगळ्या कागदावर जांभळा शिंपी काढत होती. मुदत संपायच्या आत उत्तर कोर्टात पोचलं. मग सुनावणीची तारीख आली, मॉरिसटाउनच्या कोर्टात, समोर हजर राहायची. “मी येणार तुमच्याबरोबर,” निधी म्हणाली होती.

पण मित्रांनो, तिच्या नवऱ्याची नोकरी मिशिगनला गेली. गेल्या महिन्यात ती मंडळी तिथल्या नोव्हाय गावी राहायला गेली. निघताना रुहीने माझ्यावरची धूळ आपल्या बाहीने पुसली. निधी आता रोज फोन करते. “मी मस्त आहे, जाणार आहे, तू मुलीकडे बघ,” काका सांगतात आणि फोन ठेवतात. अमेयला त्यांनी अजून कळवलेलं नाही.

सुनावणी उद्या सकाळी आहे. काका गेले नाहीत, तर समोरच्यांचं म्हणणं तेवढं उरेल. आज दुपारी त्यांनी इस्त्रीचा शर्ट खुर्चीवर टाकला. थोड्या वेळाने उचलून कपाटात ठेवला. पुन्हा बाहेर काढला. आता तो शर्ट मांडीवर घेऊन ते बसलेत, आणि त्यांचा दुसरा हात माझ्यावर आहे. तो गार आहे.

इतकी वर्षं मी एकच गोष्ट मागत आले, की माणसाचं ऐका. पण ऐकणाऱ्यांच्या दारापर्यंत कधी कधी माणसाला न्यावं लागतं, हे माझ्या शिंप्यालाही सुचलं नव्हतं. मला जपा, माझ्यावर काच लावा, असं मी म्हणणार नाही. मला पाय नाहीत आणि हातही नाहीत. तुम्हाला आहेत.

तुम्ही पार्सिपनीत असाल, तर उद्या सकाळी शाळेत जाण्याआधी आईबाबांना घेऊन त्या घरापाशी थांबा. बेल वाजवा. उघडलं नाही तर पुन्हा वाजवा. ‘काका, निघालात का?’ असं विचारा. आणि ते बूट घालेपर्यंत दारातून हलू नका.