आईने रविवारी भरलेली वही

मी एक जुनी वही आहे, मित्रांनो, आणि माझी पहिली तीस पानं चुकीची आहेत, हे आधीच सांगून टाकते.

शिवणकाम करणाऱ्या एका बाईने मला आणलं. तिच्या तरुण लेकीचं मन सारखं वरखाली व्हायचं. डॉक्टरांना बायपोलर या मनाच्या आजाराचा संशय होता. रोजची नोंद ठेवा, ते म्हणाले. पण मशीन सोडून रोज लिहायला आईला फुरसत कुठली? ती दर रविवारी बसून आठवडा एका दमात भरायची. भांडण आठवलं की सातही दिवस 'उतरली'. हसणं आठवलं की सातही दिवस 'चढली'. अक्षर मोत्यासारखं, मी फुशारून जायचे. आणि लेकीची वर्षं मात्र भलत्याच आजाराच्या औषधांत जायची वेळ आली होती.

मग नव्या डॉक्टरबाईंनी मला उघडलं.

"चढलेल्या आठवड्यात झोप किती?"

"झोप? कुंभकर्ण बरा," आई म्हणाली. "हाका मारून माझा घसा बसतो."

"बायपोलरमध्ये मन चढलं की दिवसचे दिवस चढलेलं राहतं. दोन-तीन तास झोपूनही माणूस थकत नाही. आता हिलाच लिहू द्या. वेळ टाकून, आणि आधी काय घडलं तेही."

"मग मी काय करू?"

"तुम्ही टाके घाला."

लेक लिहू लागली. नऊ वाजता : खूश. सव्वादहा : मैत्रिणीने फोन उचलला नाही, मला सोडून गेली, आत सगळं रिकामं. बारा : तिचा फोन आला, पिसासारखी हलकी. दिस उगवे एक, त्यात ऋतू मावती अनेक!

तीन महिने वाचून, बोलून डॉक्टरबाई म्हणाल्या, "हे बायपोलर नव्हे, बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व. माणूस दुरावण्याची भीती मनाला तासातासाला हलवते."

"म्हणजे स्वभावच वाईट म्हणा की," आई म्हणाली.

लेकीने मान खाली घातली.

"आजार आहे, खोड नव्हे. यातून माणसं सावरतात. इथे गोळ्यांपेक्षा दर आठवड्याच्या बोलण्याचा इलाज मोठा."

आईने माझी पहिली पानं उलटून पाहिली. मग म्हणाली, "तलम कापडाला बारीक सुई लागते. मीच दाभण घेऊन बसले होते."

लेक हसली.

आता मी भरले आहे. माझ्या शेवटच्या पानावर लेकीचं वाकडं अक्षर आहे : 'दोन वाजता आईशी वाजलं. राग आला. आई इथेच आहे.'

मित्रांनो, दुसऱ्याचं मन आपल्या आठवणीतून लिहू नका. आत्ता कसं वाटतंय, ते त्यालाच विचारा, आणि उत्तर येईपर्यंत शेजारी बसून राहा.