देणाऱ्याचा रकाना

दादा चष्मा पुसत होता. माझ्या भावाच्या हातून काही चूक झाली की तो आधी चष्मा पुसतो आणि मग बोलतो. त्यामुळे खोलीत पाऊल टाकताच मी विचारलं,

"काय केलंस?"

"काही नाही गं. यादी जरा नीट लावत होतो."

समोर स्क्रीनवर आत्याच्या नाण्यांची यादी होती. ती नीटच होती, कारण ती मी केली होती. गेले कित्येक दिवस माझी कामं बाजूला टाकून मी एकेक नाणं छोट्या काट्यावर ठेवत होते, दोन्ही बाजूंनी फोटो काढत होते आणि माहिती भरत होते. क्रमांक, देश, साल, धातू, वजन आणि सगळ्यात शेवटी 'कोणी दिलं'. बाकीचे रकाने कुणीही भिंग घेऊन पुन्हा भरू शकला असता. हा शेवटचा मात्र फक्त आत्याला माहीत होता.

आत्या बंदराजवळच्या हॉस्पिटलात नर्स होती, शेवटी हेड नर्स झाली. तिच्या वॉर्डात देशोदेशीची माणसं यायची. पेशंटकडून भेट घ्यायची नाही असा नियम होता आणि नियमांच्या बाबतीत आत्या म्हणजे दगड. पण घरी निघालेल्या एखाद्यानं खिशाच्या तळाशी राहिलेलं परकं नाणं हातावर ठेवलं, इथल्या कुठल्याच दुकानात न चालणारं, तर तेवढं ती घ्यायची. मग ते कागदाच्या पुडीत जायचं आणि पुडीवर पेन्सिलीनं देणारा लिहिला जायचा. नावं तिनं कधी लिहिली नाहीत. 'अपेंडिक्सवाला मास्तर', 'रडका खलाशी', 'जुळ्यांची आई' असंच सगळं.

मी शेवटच्या रकान्याकडे पाहिलं. मास्तर सगळ्यात वर. त्याच्याखाली आगगाडीचा ड्रायव्हर, मग इंजेक्शनला घाबरणारा पहिलवान. देणारे सगळे शाळेतल्या शहाण्या मुलांसारखे अक्षरांच्या क्रमानं उभे होते आणि बाकीचे रकाने जागच्या जागी. एकाचं नाणं दुसऱ्याच्या नावावर, दुसऱ्याचं तिसऱ्याच्या. संपूर्ण यादीत.

"कॉम्प्युटरनं काहीतरी विचारलं होतं," दादा म्हणाला. "बाकीचेही रकाने सोबत हलवू का, असं काहीतरी. मी 'नाही' दाबलं."

"वहिनीला उभ्या जन्मात कधी नाही म्हणाला नाहीस! आज कॉम्प्युटर सापडला होय तुला?"

"ओरडू नकोस, आत्या उठेल."

"मागं घे ते."

"सेव्ह करून बंद केलं होतं. परत उघडलं तेव्हा दिसलं."

"जुनी प्रत?"

तो पुन्हा चष्मा पुसायला लागला. मी त्याला खुर्चीवरून उठवलं आणि स्वतः शोधलं, सगळ्या फोल्डरांत, पेन ड्राइव्हवर, मेलमध्ये. पेन ड्राइव्हवरही त्यानं आज सकाळी मोठ्या हौसेनं हीच नवी यादी चढवून ठेवली होती. माणूस एरवी बिल भरायला महिना लावतो. नासधूस करायची तर किती तत्पर!

"पुड्या," तो एकदम म्हणाला. "पुड्यांवर असेलच की."

पुड्या मी टाकल्या होत्या. नाणी अल्बमच्या प्लास्टिकच्या खिशांत गेली तेव्हा हाच म्हणाला होता, सगळं कॉम्प्युटरमध्ये आलंय, आता तो कचरा कशाला. मलाही ते पटलं होतं. पिशवी भरून मी दाराबाहेर ठेवली आणि कचऱ्याची गाडी ती घेऊन गेली, त्यालाही आता दोन दिवस झाले होते.

आतल्या खोलीत नळ सुटला. आत्या उठली होती. चहा झाला की मी सगळी यादी तिला वाचून दाखवायची, एकेक नाणं हातात घेऊन ती खात्री करणार, असं तिनं कालच फर्मान काढलं होतं. स्क्रीनवरचं बारीक तिला वाचता येत नाही. पण कान शाबूत होते आणि जीभ तर त्याहून शाबूत. वॉर्डात मोठमोठे डॉक्टर तिच्यासमोर औषधाचा डोस दोनदा तपासून मग बोलायचे. घरात आम्ही साध्या चमच्याची जागा चुकवली तरी तिला दुसऱ्या खोलीतून कळायचं.

"सांगून टाकूया," मी म्हणाले.

"वेडी आहेस का? बीपी वाढेल तिचं." दादा खाली वाकून कुजबुजला. "हे बघ, तू आहे तसं वाच. चुकलं की ती गप्प बसणार आहे का? लगेच सांगेल, हे त्याचं नव्हे, अमक्याचं. ती सांगेल तसं तू भरत जा. संध्याकाळपर्यंत यादी पहिल्यासारखी होईल."

मला राग आला, कारण युक्ती चांगली होती. शिव्या मी खाणार, पण यादी परत मिळणार. चालेल म्हटलं.

आत्या आली. खुर्ची खिडकीशी ओढून घेतली, अल्बम मांडीवर उघडला आणि पहिलं नाणं खिशातून काढून बोटांत धरलं.

"हं, वाच चिंगे."

"एक नंबर. तांबं. मधे भोक." मी दादाकडे पाहिलं. "कोणी दिलं, अपेंडिक्सवाला मास्तर."

भोकाचं नाणं मास्तरचं नाही, एवढं मला पक्कं आठवत होतं. ते भाजलेल्या आचाऱ्याचं, कारण पहिल्याच दिवशी लिहिलेलं पहिलंच नाव होतं ते. मी खांदे आवळून बसले. दादानं कपाटाचं दार उगीचच उघडलं आणि त्याच्याआड उभा राहिला.

आत्यानं नाणं उलटंपालटं केलं.

"बरोबर," ती म्हणाली. "पुढे."

मी पुढचं वाचलं. बरोबर. त्याच्या पुढचं वाचलं. तेही बरोबर. दादा कपाटाआडून मला खुणा करायला लागला की बघ, सुटलो. त्याचा चेहरा खुलला होता. ज्या आरडाओरड्याच्या भीतीनं मी अर्धी झाले होते, तो आता व्हावा म्हणून मी मनातल्या मनात तिला विनवत होते. ओरड ना आत्या. एकदा तरी म्हण, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?

मग ते नाणं आलं. एका बाजूला कणीस, कडा झिजलेल्या, पातळ. ते कुणाचं हे मला यादीशिवाय ठाऊक होतं. दादालाही होतं. कारखान्यातल्या एका लेथवाल्याची तीन बोटं मशीनमध्ये गेली होती. उरलेल्या बोटांनी हे नाणं टेबलावरून उचलायचं, असं आत्या त्याच्याकडून रोज करवून घ्यायची. तो चिडायचा, रडायचा, नाणं भिरकावून द्यायचा आणि आत्या ते शोधून पुन्हा टेबलावर ठेवायची. ज्या दिवशी त्याला ते उचलता आलं, त्या दिवशी त्यानं ते तिलाच दिलं. लहानपणी आम्ही 'जमत नाही' म्हणालो की आम्हाला लेथवाला ऐकावा लागायचा. इतक्यांदा ऐकला की कंटाळा यायचा.

स्क्रीनवर त्या नाण्यापुढे भलतंच होतं. मी वाचलं, "कोणी दिलं, भुलीला घाबरणारा पोस्टमन."

आत्यानं झिजलेल्या कडेवरून अंगठा फिरवला.

"हो," ती म्हणाली. "त्यानंच. भला माणूस होता बिचारा."

कपाटाचं दार हळूच बंद झालं. दादाच्या चेहऱ्यावर आता हसू नव्हतं.

"आत्या, हे चुकलंय," मी म्हणाले. "हे लेथवाल्याचं आहे. तीन बोटं गेलेला तो. यादी सगळी उलटीपालटी झालीय. आमच्या हातून झालीय."

ती ओरडली नाही. नाण्याकडे बघत राहिली.

"लेथवाला," ती म्हणाली, नवीनच ओळख करून दिल्यासारखी. मग म्हणाली, "पुड्या आण बरं जरा."

"टाकल्या, आत्या."

तिनं नाणं अल्बमच्या खिशात परत सरकवलं.

"पुडीवरचं वाचलं की माणूस दिसायचा गं मला," ती म्हणाली. "हल्ली नुसत्या नाण्यावरून दिसत नाही. म्हणून तर मागं लागले ना तुझ्या, लिहून घे, लिहून घे म्हणून." आणि मग एकदम मोकळी झाल्यासारखं तिनं माझ्या गुडघ्यावर थोपटलं. "पण असू दे. तू सगळं आपल्या हातानं लिहिलंयस. तुला ठाऊक असेलच."

ठाऊक? ती एकेक पुडी वाचत होती तेव्हा मी टाईप करत होते. किती उरली ते मोजत होते, फोनवर बोलत होते. मला लेथवाला ठाऊक होता, आचारी ठाऊक होता. बाकीची माणसं माझ्या कानांवरून गेली होती आणि मी एकालाही थांबवलं नव्हतं.

आत्यानं अल्बममधून पुढचं नाणं काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं.

"हे गं कुणाचं?" तिनं विचारलं, आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली.