परांड्याला पडू दे

सोलापूर अकराव्यांदा पडलं तेव्हा दिपालीनं कीबोर्डवर हात आपटला आणि तिचा थोरला भाऊ अजिनाथ कॉटवर लोळत हसला.

"पाठवलेस का परत तीनशे घोडे?"

"पाठवले."

"मग बस आता बोंबलत."

ही काय भानगड ते आधी सांगायला पाहिजे. कॉम्प्युटरवरचा गेम. पाचशे वर्षांपूर्वीच्या दख्खनचा नकाशा, त्यातलं एक राज्य घ्यायचं आणि टिकवायचं. शहाणी माणसं विजापूर घेतात, विजयनगर घेतात, तोफा ओढत मजेत फिरतात. ही बया सोलापूर घ्यायची. का, तर आपलं म्हणून. त्या नकाशावर सोलापूर म्हणजे मसुरीच्या डाळीएवढा ठिपका. एक किल्ला, तीनशे घोडेस्वार, संपलं. वर निजामशाही, खाली आदिलशाही, आणि शेजारी तेवढाच दुबळा परांडा. परांड्याशी पहिल्याच वर्षी तह व्हायचा, की तुझ्यावर कुणी आलं तर मी येईन, माझ्यावर आलं तर तू ये. चार वर्षांत निजामशहाची फौज परांड्यावर यायची. दिपाली शब्दाला जागून तीनशेच्या तीनशे घोडे पाठवायची, ते तिकडं कापले जायचे, आणि मोकळ्या पडलेल्या सोलापुरात आदिलशहा पाहुण्यासारखा आत यायचा.

अजिनाथला यातली युक्ती माहीत होती. त्यानंच तिला खेळायला शिकवलं होतं, कारखान्याच्या ऑफिसानं टाकून दिलेला कॉम्प्युटर घरी आणून.

"घोडे पाठवू नको," तो सांगायचा. "परांड्याला पडू दे. वेढा दोन वर्षं चालतो. त्यात निजामशहा दमतो, मग आदिलशहा त्याच्या अंगावर जातो. दोघं एकमेकांत गुंतले की तू तीस वर्षं सुखानं जग."

"शब्द दिलाय की त्यांना."

"अगं गेमच हाय."

"असू दे."

तर असं ते चालायचं, कुंभारीच्या कामगार वसाहतीतल्या एका खोलीत. अजिनाथ एकतीस वर्षांचा, टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर. दिपाली एकवीसची, नर्सिंगच्या तिसऱ्या म्हणजे शेवटच्या वर्षाला. आईवडील अक्कलकोटच्या पलीकडं गावात, साठ मेंढरं आणि तीन एकर माळ सांभाळून. परीक्षा जानेवारीत होती. वॉर्डात सहा महिन्यांच्या पोराची शीर कुणाला सापडेना तेव्हा दिपालीनं ती पहिल्या फटक्यात शोधली होती, आणि सिस्टर नुसतं "हं" म्हणाल्या होत्या. त्या एका "हं"वर पोरगी आठ दिवस हवेत होती. तिला नर्स व्हायचं होतं. बाकी काही नको होतं तिला, खरंच नको होतं.

दसरा झाला आणि दुसऱ्या रविवारी तिचे वडील धुळाप्पा पिशवीत शेंगाचटणी घेऊन दारात उभे राहिले. न कळवता आले, तिथंच दिपालीच्या मनात चुकचुकलं.

"अजिनाथचं जमलं," चहा अर्धा झाल्यावर धुळाप्पा म्हणाले.

अजिनाथ उठून बसला. सहा वर्षं त्याला मुलगी बघणं चालू होतं. एकोणीस घरचे पोहे खाऊन झाले होते. कुणाला सरकारी नोकरी पाहिजे, कुणाला पुणे पाहिजे, कुणाला सासू नको. मेंढरांचं नाव निघालं की पोरीची आई पदर सावरून आतच जायची. अलीकडं तो पोह्यांना हात लावायचा नाही, मीठ कमी आहे का जास्त तेसुद्धा सांगायचा नाही.

"कुठली?" त्यानं विचारलं.

"जेऊरची. जोतीरामची सृष्टी. आपल्यातलीच मानसं, दोनशे मेंढरं. पोरगी बारावी." धुळाप्पांनी कप खाली ठेवला. "साटंलोटं मागत्यात. त्यांच्या पोराला, सयाजीलाबी कोन देईना. त्यांची पोर आपल्याला, आपली त्यांना."

आपली म्हणजे कोण, हे विचारायची गरजच नव्हती.

"माझी परीक्षा हाय, आप्पा."

"तुळशीचं लगीन झालं की दोन्ही लग्नं एकाच मांडवात. मग त्यांचा वाडा हलतोय. मेंढरं घिऊन आठ महिनं भाईर. परीक्षेचं पुढं बघू की."

पुढं बघू. मराठीत याचा अर्थ काय होतो ते शेंबड्या पोरालाही कळतं. दिपालीनं भावाकडं बघितलं. अजिनाथ वाईट माणूस नव्हता. तिची फी त्यानं भरली होती, पहाटेच्या ड्युटीला त्यानं गाडीवर सोडलं होतं. तो फक्त कॉटच्या कडेला बसून पायाच्या अंगठ्यानं फरशी घासत राहिला आणि एक शब्द बोलला नाही. त्याला बायको पाहिजे होती. तो गप्प बसला म्हणून तिला राग आला, आणि त्याला बायको पाहिजे यात त्याचं काय चुकलं हे कळत होतं म्हणून आणखी राग आला.

आईला फोन केला तर कस्तुराबाई म्हणाली, "तुझ्या भावानं जन्मभर हातानं भाकरी थापायच्या का गं?" आणि रडायला लागली. झालं. त्या दाराला कुलूप.

मग दिपालीनं डोकं चालवलं. दुबळ्यानं बलवानाशी भांडू नये, दुसरा दुबळा गाठावा. साटंलोट्यात मुली दोन असतात. जशी मी, तशी तीही. दोघींनी एकाच दिवशी नको म्हटलं तर एकीवर खापर फुटत नाही, आणि दोघींच्या बापांना माघार घ्यावी लागते. सृष्टीच्या बायोडाटावर एक नंबर होता. तिनं कॉलेजच्या जिन्यात उभं राहून लावला. फोन सयाजीनं उचलला.

"सृष्टीची बारावीतली मैत्रीण बोलतेय," दिपाली म्हणाली.

सृष्टी फोनवर आली. दिपालीनं आपण कोण ते सांगितलं आणि एका दमात सगळं मांडलं. "रविवारी आमी सुपारी फोडायला येणार हाओत. तुमच्यात पोरीला विचारतात न्हवं? तू आधी नको म्हण, लगेच मी म्हणते. चालंल?"

"व्हय," सृष्टी म्हणाली.

"नक्की?"

"व्हय. व्हय की."

दिपाली नाचतच जिना उतरली. आपण जिच्याशी बोललो तिचा फोन तिच्या भावाचा आहे, आणि तो दोन हातांवर उभा असणार, आणि तिथं उभी राहिलेली पोरगी व्हय सोडून दुसरं काय म्हणणार, हे हिच्या डोक्यात आलं नाही. मेंढपाळाच्या घरची पोर ती, तिला हे कळायला पाहिजे होतं. पण तीन वर्षं स्वतःचा फोन वापरला की माणूस विसरतो.

रविवारी क्रूझर करून सगळे जेऊरला गेले. अजिनाथनं नवा शर्ट घातला होता, घडीच्या खुणा तशाच. ओसरीवर जोतीराम, त्यांचे भाऊबंद, कोपऱ्यात सयाजी. सयाजी बत्तीसचा, रापलेला, हात गुडघ्यावर ठेवून मान खाली घालून बसलेला. दिपालीला त्याचा राग यावा म्हणून तिनं त्याच्याकडं नीट बघितलं, पण राग येण्यासारखं काही नव्हतं त्याच्यात.

सृष्टी पाणी घेऊन आली. अजिनाथनं तांब्या घेतला आणि वर बघून हसला. एकोणीस घरांत दिपाली त्याच्याबरोबर गेली होती, तो असा कधी हसला नव्हता.

मग पोहे आले आणि त्यानं ताटली चाटूनपुसून खाल्ली.

पोरींना आत पाठवलं. मागच्या खोलीत ज्वारीची पोती, एक लोखंडी पेटी आणि वर घडी घालून ठेवलेली घोंगडी. दिपाली हळूच म्हणाली, "ठरल्यासारखं. आधी तू."

"मी नको म्हननार न्हाय," सृष्टी म्हणाली.

"फोनवर व्हय म्हणालीस की."

"दादा हितं उभा हुता. काय म्हनू?" सृष्टी खिडकीकडं बघत बोलत होती, आवाज अगदी साधा. "माझा मामा हाय, शहाजी. चाळीसचा. त्याची बायको गेली, दोन पोरं हायती. आईनं त्याला शब्द दिलाय, सृष्टीचं भाईर न्हाय जमलं तर तुझ्याच घरात. मामा भाचीला सोडत न्हाय, तुमाला म्हाईत हाय की. हे जमलं तरच मी त्यातनं सुटते."

दिपाली ज्वारीच्या पोत्यावर टेकली.

"तुमच्या खोलीत नळ हाय म्हनं," सृष्टी म्हणाली.

"आठवड्यातनं दोनदा येतं पाणी."

"दोनदा का हुईना, दारात येतं न्हवं."

"सृष्टी, माझी परीक्षा हाय गं. तीन वर्षं शिकले मी."

"तुमाला परीक्षा हाय," सृष्टी म्हणाली. "मला काय हाय?"

बाहेरून हाक आली.

आपल्याकडं पोरीला विचारतात ते कसं, सांगू का? सुपारी ताटात असते, अडकित्ता हातात असतो, आणि एखादा म्हातारा म्हणतो, काय पोरी, पसंत हाय न्हवं? पोर मान खाली घालते. मान खाली गेली की सुपारी फुटते. कुणी उत्तराची वाट बघत नाही, कारण कुणी उत्तर कधी ऐकलेलंच नसतं. गप्प राहिलं तरी होच असतो.

जोतीरामनं आधी आपल्या लेकीला विचारलं. सृष्टीनं मान खाली घातली. मग ते दिपालीकडं वळले, अडकित्ता उघडून. "तुझं काय, बाळा?"

दिपालीनं मान वरच ठेवली. डावीकडं नव्या शर्टातला भाऊ. उजवीकडं, हाताच्या अंतरावर, सृष्टी, तिच्या बांगड्यांचा आवाजही बंद झालेला. गप्प राहिली तर दोघं सुटणार होते आणि तिचा गळा अडकणार होता. बोलली तर ती सुटणार होती आणि त्या दोघांचं काय होणार ते आता तिला पक्कं ठाऊक होतं. कुणीकडूनही वाट नव्हती. तिला एवढं मोठ्यानं रडावंसं वाटत होतं, आणि डोळ्यांत टिपूस येईना.

"मला हे लग्न करायचं न्हाय," ती म्हणाली.

"काय म्हनलीस?" धुळाप्पांनी विचारलं, जणू त्यांना खरंच ऐकू आलं नव्हतं.

"मी न्हाय करणार, आप्पा. दादाचं करा. माझं नको."

जोतीराम चिडले नाहीत, तेच वाईट झालं. त्यांनी अडकित्ता मिटला. "एकट्या दादाचं कसं करू, बाळा? मग माझ्या सयाजीनं काय जन्मभर मेंढरंच हाकायची?" आणि सुपारी अख्खीच्या अख्खी ताटात ठेवून दिली.

निघताना रीत म्हणून कुंकू लावायला बायकांतलं कुणी उठेना. सृष्टीच करंडा घेऊन आली. तिनं दिपालीच्या कपाळावर बोट टेकवलं.

"पेपर चांगले लिवा," ती म्हणाली. टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर दिपालीला परवडलं असतं.

धुळाप्पा परस्पर गावाकडं गेले आणि त्यांनी फोन करणं बंद केलं. अजिनाथ पहिल्यासारखाच राहिला. ड्युटीला सोडायचा, भाजी आणायचा, तिला एका शब्दानं बोलला नाही. त्यानं चार शिव्या दिल्या असत्या तर खोलीत जरा वारा तरी आला असता. तुळशीच्या लग्नानंतर चौथ्या दिवशी आईचा फोन आला. सृष्टीचं शहाजीशी झालं, वाडा हलला, एवढंच सांगून तिनं ठेवून दिला.

त्या रविवारी अजिनाथ भाकरी थापत होता. दिपालीनं पुस्तक बाजूला सारून किती दिवसांनी कॉम्प्युटर लावला आणि बाराव्यांदा सोलापूर घेतलं. परांड्याशी तह झाला. चौथ्या वर्षी निजामशहाची फौज परांड्यावर आली आणि पडद्यावर प्रश्न उमटला, मदत पाठवायची का. मग तिनं नाही दाबलं.

पुढं सगळं अजिनाथ सांगायचा तसंच झालं. दोन वर्षं वेढा, मग निजामशहा दमला, मग आदिलशहा त्याच्या अंगावर गेला. मसुरीच्या डाळीएवढा ठिपका जागच्या जागी राहिला, दहा वर्षं, वीस वर्षं, तीस.

"टिकलीस की काय यंदा?" अजिनाथनं तव्याकडं बघतच विचारलं.

"टिकले."

"आणि परांडा?"

दिपालीनं नकाशावर बघितलं. तिथं दुसराच रंग होता, नावही उरलं नव्हतं.

"पडला."

"मी म्हणतच होतो," अजिनाथ म्हणाला, आणि त्यानं भाकरी उलटली. ती एका कडेला करपली होती. करपलेली त्यानं आपल्या ताटात घेतली आणि चांगली तिच्या ताटात ठेवली.

दिपालीनं कॉम्प्युटर बंद केला आणि पुस्तक पुढं ओढलं. परीक्षेला एकोणचाळीस दिवस होते. पेपर चांगलेच लिहायला लागणार होते.