हायड्राचं जलपूजन

"यातले चार-पाच हायड्रा बाहेर कारंज्यात सोडले तर?" संस्थेचे चेअरमन वीरधवलदादा म्हणाले. "अंधार पडला की हिरवंगार चमकतील. हायवेवरनं दिसेल."

पद्माने काचेच्या वाडग्यावरचा हात काढला नाही. "दादा, यांना बाहेर सोडता येत नाही. यांच्यात दुसऱ्या प्राण्याचं जनुक घातलेलं आहे. परवानगी या खोलीपुरतीच आहे. आणि ते आपणहून चमकत नाहीत. निळा प्रकाश टाकायचा आणि पिवळ्या काचेतून बघायचं, तेव्हा दिसतात."

"मग निळी लाईट सोडू की. त्यात काय!"

हायवेवरच्या प्रत्येक ट्रकवाल्याला पिवळा चष्मा वाटणार का, असं पद्माला विचारायचं होतं. तिने विचारलं नाही. केस पिकेपर्यंत तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या बाईला असे प्रश्न मनात ठेवायची सवय लागते. ती "बघू" म्हणाली.

दादा प्रयोगशाळेच्या उद्घाटनासाठी घातलेल्या मंडपाकडे गेल्यावर ती शिपाई आकारामकडे वळली. "सगळे हायड्रा एकाच वाडग्यात कुणी ओतले?"

"मीच," आकाराम अभिमानाने म्हणाला. तो फौजेतून निवृत्त होऊन इथे लागला होता. "दादा म्हणले, गर्दी दिसाय पायजे. आन् मॅडम, परेडला फुल स्ट्रेंथ लागती. निम्मी पलटण बॅरकमधी ठेवून चालतं व्हय?"

"मी वेगवेगळ्या वाडग्यांत कशासाठी ठेवते? एक वाडगा नासला तर बाकीचे वाचावेत म्हणून."

"एका दिसात काय नासतंय? आन् तुमीच म्हणता न्हवं, ह्यांला कापलं तरी दोन हुत्यात? मग मरत्यात कशानं?"

साताऱ्याहून उंब्रजला येणारी पद्माची एसटी आज उशिरा पोहोचली नसती तर हे झालंच नसतं. आता सगळे पुन्हा वेगळे करायला वेळ नव्हता. बाहेर बँड सुरू झाला होता.

वाडग्याच्या तळाशी हायड्रा पसरले होते. नखाच्या टोकाएवढी एकेक नळी, वर तोंडाभोवती दोऱ्यासारखे हात. त्यांना रोज नुकती फुटलेली इवलीशी कोळंबी भरवायची, खाऊन झालं की पाणी बदलायचं. रविवार असो, दिवाळी असो. "तुझ्या किड्यांना सुट्टी नसते का गं?" असं घरी विचारणंही आता बंद झालं होतं. हा चमकणारा वाण तिला पुण्याच्या एका प्रयोगशाळेने दिला होता. गेल्या उन्हाळ्यात तिथलं शीतकपाट बिघडलं आणि त्यांचे सगळे मेले. उद्या तिथली सई नावाची संशोधक यातले काही परत न्यायला येणार होती. "मॅडम, आता फक्त तुमच्याकडेच उरलेत," ती फोनवर म्हणाली होती. पद्माकडे असं मागायला आजवर कुणी आलं नव्हतं.

फीत कापली गेली. फोटोवाले आत घुसले. दादांनी आपल्या आईला, हरणाबाईंना, हाताला धरून टेबलापाशी आणलं. म्हातारीच्या हातात तांब्याचा कलश होता.

"नवीन प्रयोगशाळा, नवीन जीव," दादा म्हणाले. "आई, जलपूजन कर."

"पाणी नको, आजी," पद्मा म्हणाली. पण म्हणाली ते अशा आवाजात, जशी ती जास्तीचा चहा नको म्हणायची. लोक हसले. कुणीतरी म्हणालं, "मॅडम लाजल्या." हरणाबाईंनी वाडग्याला हळदकुंकू लावलं आणि धार धरली.

"राती भरून ठिवलंय, देवापुढं," त्या म्हणाल्या. "लय शुद्ध पाणी हाय."

रात्रभर तांब्याच्या कलशात राहिलेलं पाणी. माणसाला ते चालतं. हायड्राला मात्र तांब्याचा अंशसुद्धा सोसत नाही. आधी हाताची टोकं गाठीसारखी सुजतात, मग हात आखडतात, मग अंग विरघळू लागतं. पद्मा हे दरवर्षी फळ्यावर लिहीत आली होती. टाळ्या वाजल्या.

"चला, मॅडम, स्टेजवर. तुमचा सत्कार हाय," आकाराम म्हणाला.

"मी येत नाही."

"आवं, दादा नाव पुकारत्यात!"

"पुकारू देत. तो मोठा ट्रे आण. आणि बेसिनमध्ये थेंबसुद्धा ओतायचा नाही, यातलं काही बाहेर जाता कामा नये. सगळं आधी ब्लीचच्या बादलीत."

लांब नळीच्या ड्रॉपरने एकेक हायड्रा उचलायचा, बशीतल्या स्वच्छ पाण्यात सोडायचा, तिथून पुन्हा दुसऱ्या बशीतल्या स्वच्छ पाण्यात. लाऊडस्पीकरवर तिचं नाव आलं, पुन्हा आलं, मग दादा काहीतरी विनोद करून पुढच्या नावाकडे गेले. ती उचलत राहिली. काही ड्रॉपरच्या टोकाशीच सुटून पिठासारखे पसरले. ते तिने बाजूला ठेवले.

भाषणं संपता संपता आकाराम शाल आणि नारळ घेऊन आला. मागे हरणाबाई होत्या.

"आगं, खुर्ची रिकामी ठिवलीस," हरणाबाई म्हणाल्या. "माजं लेकरू तोंडघशी पडलं की."

"आजी, तुम्ही ओतलेल्या पाण्याने हे मरतायत." पद्माने वर पाहिलं नाही. "तांबं यांना विषासारखं आहे."

म्हातारी एकदम चिडली. "मग वराडली का न्हाईस? माजा हात का धरला न्हाईस?"

"म्हणाले की. नको म्हणाले."

"त्ये नको व्हय? तसलं नको तर पावणं जेवताना म्हणत्यात!"

पद्माने शेवटचा ड्रॉपर बशीत रिकामा केला.

जिवंत किती आणि मेलेले किती, हे साध्या उजेडात कळत नव्हतं. सगळे आखडून ठिपक्याएवढे झाले होते. चमकताना बघायला अंधार हवा होता आणि नव्या प्रयोगशाळेच्या भल्यामोठ्या खिडक्यांना पडदेच बसवलेले नव्हते. पद्माने आकारामच्या हातातली शाल ओढून घेतली, उलगडली आणि मायक्रोस्कोपसकट डोक्यावर घेतली.

"आवं, सत्काराची शाल हाय ती!"

"माहीत आहे."

आत नव्या कापडाचा वास होता. तिने पिवळी काच बसवून निळा दिवा लावला. पहिल्या बशीत नुसता हिरवा चुरा होता. दुसऱ्या बशीतही तेच. तिसरीवर ती बराच वेळ वाकून राहिली. शालीची कड हलली आणि हरणाबाईंचं डोकं शेजारी आलं.

"दिसतंय का काय?"

"या काचेला डोळा लावा. हलू नका."

दार ढकललं गेलं, उजेडाचा पट्टा टेबलावर पडला. "अहो, मॅडम!" दादांचा आवाज आला. "फोटोवाले थांबलेत, निदान एक..."

"दार लावा!"

पद्मा ओरडली होती. मग दार हळूच लागलं.

शालीखाली हरणाबाईंनी काचेला लावलेला डोळा काढला नव्हता. "हाय," त्या कुजबुजल्या. "एक हाय. हात बाहिर काढतंय बग."