यानातल्या पाणक्याची बाजू

मित्रांनो, आज माझ्या पोटात चिमणीने घर केले आहे. पण मी एक जुना टीव्ही आहे, आणि एके काळी अख्खे सुपे गाव माझ्यापुढे मांडी घालून बसत असे! चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात गहिनीनाथाने मला एसटीच्या टपावरून आणले. वाटेत मला पाहून म्हशींनी आपणहून रस्ता सोडला. खोटे वाटते? म्हशींना विचारा. मग त्याने मला आपल्या चहाच्या हॉटेलात फळीवर बसवले.

दर शनिवारी माझ्यावर एक मालिका लागे. शंभर माणसे यानात बसून दूरच्या ताऱ्याकडे निघालेली. तरणाबांड कप्तान सगळ्यांचा लाडका! आणि यानातला पाणक्या सगळ्यांच्या डोक्यात जाई. माणशी एक पेला पाणी, वर थेंब नाही. तो दिसला की शेंगांची टरफले माझ्या काचेवर येत. आठव्या शनिवारी पुढेच बसणाऱ्या बन्सीची चप्पल आली.

गहिनीनाथ कडाडला, "पुन्हा काय फेकलं आन् काच फुटली, तर ह्यो डबा मोडीत घालीन!"

नववा शनिवार. कप्तानाने पाणक्याला यानाबाहेर ढकलायचा हुकूम सोडला.

"ढकला!" हॉटेल गरजले. बन्सीने तर दगडच उचलला!

तोच राहीबाई माझ्यासमोर आडवी उभी राहिली. पाण्याचा टँकर आला की घरटी दोन हंडे मोजून देण्याचे काम पंचांनी तिला दिले होते. त्यापायी तीही गावभर शिव्या खाई.

"मार की रं! आदी माझ्या टकुऱ्यात घाल."

"सरक मावशे. त्यो तुझा भाऊ लागतो का?" बन्सी म्हणाला. सगळे हसले.

"व्हय, लागतो! तुमचा कप्तान रोज दाढी करतोय, तोंड धुतोय, ते पानी कुनाच्या वाटचं? आन् ह्या पानक्यानं नऊ शनवारांत सवता एक घोट घेतलेला बगितलाय का कुनी?"



"न्हाई बगितलं," बन्सी पुटपुटला. दगड खाली पडला. आणि मग एकच गलका उठला, "मावशे, बाजूला हो! त्याचं काय झालं बगू दे!"

ती बाजूला सरकली. यानाचे दार उघडे, दोन शिपायांनी पाणक्याचे दंड धरलेले! बन्सी उठून माझ्याकडे धावला. "ए, सोडा त्याला! ढकलू नका!"

आणि शिपाई थांबले! मालिका लिहिणारे म्हणतील, गोष्टच तशी होती. मी सांगतो, सुप्याची हाक अँटेनावरून उलटी गेली!

मित्रांनो, मला त्या पाणक्याचे ओठ अगदी जवळून दिसत. तहानेने उललेले होते. कुणावर काही फेकावेसे वाटले, तर आधी तेवढे जवळ जाऊन बघा. आणि काच जपा. ती एकदा फुटली की आतले कुणीच दिसत नाही.